चौसष्टनंतर सत्त्याण्णव

प्रिय बाईसाहेब,

तुझा दादा भेटला होता. वाचकमंडळाच्या त्या सेक्रेटरीनं तुला मागणी घातलीय आणि तू रविवारी होकार कळवणार आहेस म्हणे. कळव. मला काय!

मी कॉलेज सोडलं त्या दिवशी जिन्यात तू म्हणाली होतीस, ‘तुझ्याच्यानं एक पुस्तक तरी शेवटपर्यंत होईल का रे?’ झोंबलं होतं. तर ऐक, वर्षभरात एकसष्ट झाली, शेवटच्या पानापर्यंत. त्यातली पन्नास रद्दीच्याही लायकीची नव्हती.

बाइंडिंगच्या दुकानात लागलोय. लायब्ररीची फाटकी पुस्तकं इथे येतात. जुनी शिवण उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, पुन्हा शिवून पुठ्ठा चढवायचा. खळ वाळेपर्यंत मी वाचतो. मालक मामा ओरडतात, ‘अरे, शिंपी काय गिऱ्हाइकाचा सदरा घालून बसतो?’ बसलो. एका कादंबरीचा नायक चारशे पानं खिडकीत उभा! त्याला कुणी कामाला का लावत नाही? एका कवीनं पानाला तीन ओळी लिहिल्यात, बाकी पान कोरं; तेवढंच बरं जमलंय. यशस्वी व्हायला शिकवणारी अकरा पुस्तकं वाचली. अकराही जण पहाटे उठ म्हणतात. उठतोच की मी, दुकान झाडायला. आणि प्रेमकथेतल्या लोकांना ना भूक लागते, ना कामावर जावं लागतं. माझं मेलं दोन्ही चालूच.

पण लेखक परवडले, वाचणारे त्याहून भंपक. सहा महिन्यांमागे तुला नि त्या सेक्रेटरीला लायब्ररीच्या पायऱ्यांवर हसताना पाहिलं आणि दुकानात येऊन तणतणत एक जाडजूड कादंबरी शिवली. सातवा फर्मा चौथ्यामागे गेला. म्हातारा चौसष्टाव्या पानावर खोकतोय, समोरच्याच पानावर त्याला मरून महिना झालेला, आणि सोळा पानांनी तोच उठून चहा मागतोय! नऊ जणांनी नेली ती. एकानंही चूं केलं नाही. तुझ्या सेक्रेटरीनं तर तिच्यावर भाषण ठोकलं. मी लायब्ररीत गठ्ठे पोचवायला आलो होतो, मागे उभा राहून ऐकलं. काळाची ही मोडतोड म्हणजे लेखकाची प्रतिभा, म्हणे. टाळ्या पडल्या. खरं तर त्या माझ्या!

काल ती कादंबरी दुकानात परत आली. आत चिठ्ठी. ‘चौसष्टनंतर थेट सत्त्याण्णव आहे. बाइंडरनं डोळे उघडे ठेवून काम करावं.’ अक्षर तुझं. बाइंडर मी आहे हे तुला ठाऊक नव्हतं, तरी झापलंस मलाच. ती चिठ्ठी दहादा वाचली. वर्षभरात इतकं चांगलं दुसरं काही वाचलं नाही. म्हणून हे पत्र. ज्याला मेलेला म्हातारा चहा मागताना खटकत नाही, त्याला हो म्हणू नकोस. मला म्हण असं मुळीच म्हणत नाही.

खोटं बोललो. मलाच म्हण.

तुझाच,
भडकू