दारावरची पाटी

काकू,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय. परवा तुम्ही विचारलंत, "माझ्या पोराने, भोंग्याने, जाताना हाक मारली असेल का रे?" मी म्हणालो, "छे! कपाट अंगावर पडलं आणि क्षणात संपलं." तेव्हा कुठे तुम्ही चहाचा घोट घेतलात.

आमच्या बँडमध्ये गाणं म्हणजे किंचाळणंच. तुमच्या घरी पहिल्याच सरावाला खालच्या आजोबांना वाटलं, वर कुणाचा तरी जीव जातोय. त्यांनी पोलीस आणले, दार फोडलं, तर आत तुमचा लेक माइक म्हणून झारा धरून उभा! हवालदारसुद्धा पोट धरून हसला. नव्या दारावर मीच पाटी लावली: 'सराव चालू आहे. कितीही ओरडलो तरी घाबरू नका.' त्यानंतर कुणी घाबरलं नाही. आवाज अडावा म्हणून खिडकीपुढे लोखंडी कपाटही मीच सरकवलं.

त्या दुपारी तुम्ही कामावर होतात. मी ड्रमच्या काठ्या घेऊन लवकर आलो. दार आतून बंद होतं आणि आत तो ओरडत होता. शब्द कळत नव्हते, पण आमच्या गाण्यात ते कधी कळतात? म्हटलं, आज पठ्ठ्याचा आवाज काय लागलाय! मध्येच दार वाजवून कशाला त्याचा मूड घालवा? मी पायरीवर बसून काठ्यांनी ठेका धरला.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. मी टाळ्या वाजवल्या.

तुमच्या घरचा,
ठोक्या