जाळपट्ट्याचा अर्ज

अण्णा, परवा बेलापूरच्या एका गारेगार हॉलमध्ये बसून मी तुमचा जाळपट्टा पाहिला. पडद्यावर, रंगीत. एक सुटातला माणूस सांगत होता की हवामान बदलतंय, उन्हाळा लवकर येतोय, म्हणून डोंगरावरच्या वणव्यांसाठी आम्ही आधुनिक उपाय आणलाय. वारा पडलेला असताना वस्तीच्या वरच्या अंगाला गवताची एक पट्टी आपणच आधी जाळून ठेवायची, म्हणजे वरून येणारी आग तिथे उपाशी मरते. टाळ्या वाजल्या. मला इतकी किळस आली की हातातलं बिस्कीट मी बशीत परत ठेवलं.

नव्वदच्या दशकात तुम्ही रबाळ्याला फायरमन होतात, आणि हाच पट्टा दरवर्षी होळीआधी पहाटे जाळायचात. डोंगराखालच्या तळवली गावातल्या एका म्हाताऱ्याने तुम्हाला बजावलं होतं, "पट्टा जालून ठेवा, नायतं डोंगुर खाली येल." आग झोडपून आवरायला ओली गोणपाटं आणि निरगुडीच्या फांद्या, एवढंच सामान. घरी आलात की खाकी शर्टाला धुराचा वास यायचा आणि आई तो गॅलरीत वेगळा वाळत घालायची. सोसायटीतल्या पोरांसमोर मला त्या वासाची लाज वाटायची. मग नवा साहेब आला. म्हणाला, "फायरमन आहात की गुराखी? पट्टा पाहिजे तर अर्ज द्या, इंग्लिशमध्ये. बघू."

तुम्ही स्वयंपाकघरात, मी जेवत असतानाच, कोरा कागद पुढे ठेवलात. "लिही बाबा. पट्टा दरसाल करू द्या म्हणावं. साहेबाला कळंल असं लिही." मी कॉलेजात होतो, फाडफाड लिहिलं. न कळणाऱ्या ओळींवरून तुम्ही बोट फिरवलंत, खाली मराठीत सही केलीत आणि आईला म्हणालात, "बघ, पोरगा कसा लिहितोय."

पट्टा बंद झाला. नवी लाल गाडी आली, हार घातले, नारळ फुटला. पुढच्या फाल्गुनात भर दुपारी डोंगर पेटला तेव्हा ती गाडी पायथ्याच्या खदानीपाशी थांबली. वर झोपड्या होत्या आणि तिथे जायला फक्त पायवाट. पाइप अर्ध्यातच संपला. साहेब सावलीत उभा राहून ओरडत होता, "गाडी पुढे घेऊ नका, ओरखडा आला तर कोण जबाबदार?" थू त्याच्यावर! तुम्ही फांदी तोडून वर गेलात. झोपड्यांतली माणसं वाचली, पण तो धूर तुमच्या छातीत कायमचा राहिला. शेवटच्या वर्षी दोन जिने चढताना चारदा बसायचात. तरी खोकत खोकत एकच तक्रार करायचात, की साहेबाने अर्ज वाचलाच नाही.

त्याने वाचला होता, अण्णा. त्यात तुमचं म्हणणं नव्हतं. गवत जाळणं ही अडाणी, जुनाट पद्धत आहे, ती बंद करून आम्हाला नवी गाडी द्यावी, असं मी लिहिलं होतं. बाप गवत जाळतो हे मला कुणाला सांगवत नव्हतं. खाली तुमची सही होती. मघाशी साहेबावर थुंकलो खरा, पण तो तर तुमच्याच अर्जाप्रमाणे वागला होता.

परवा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हे पत्र मराठीत लिहिलंय, तुम्हाला वाचता येईल असं. तुम्ही असतात तर लिहिलं नसतं.