एकटं टिंब

धाराशिव, ६ एप्रिल १९८७

आलो एकदाचा. सोलापूरच्या एसटीतून उतरलो तर वसंतराव स्वतः स्टँडवर हजर. जिल्ह्याच्या सहकारी संघाचा सचिव झाला, तरी मला अजून उत्तऱ्याच म्हणतो. बाकी जगासाठी मी उत्तरेश्वर. सोलापुरात एका चेअरमनच्या पोटावर मी पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं. पोट जागेवर राहिलं, सदर गेलं. घरी बसलो होतो. वसंतानं ऐकलं आणि बोलावून घेतलं. मैत्री म्हणतात ती ही.

काम मजेचं आहे. संघानं संगणक घेतलाय. त्याच्या खोलीत कूलर आहे, आमच्या खोलीत कूलरचा आवाज. टेलिफोनची तार जोडली की हे यंत्र पुण्याच्या मोठ्या यंत्राशी बोलतं. तिथं विषयवार गट आहेत: पाणी, चारा, सहकार. (सहकारात गट नसते तरच नवल.) इथून लेख पाठवला की तो गटात लागतो आणि असं यंत्र असलेली गावोगावची मंडळी तो वाचतात, उत्तरं देतात. टँकर कुठं पाठवायचा हेही वरचे साहेब ‘पाणी’ गट वाचून ठरवतात.

७ एप्रिल

लेख पाठवायला शिकलो. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत बसतो. काही सुचवत नाही, हुकमाची वाट बघतो. हुकूम टाइप करायचा, गटाचं नाव, मथळा, मग मजकूर. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. शेवटी नव्या ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. टिंब एकटं दिसलं की यंत्र समजतं, माणसाचं बोलून झालं, आणि लेख उचलून नेतं. संघाच्या सभांत हे टिंब असतं तर निम्मे संचालक जेवायला घरी पोचले असते.

वसंताची अट एकच. रोज लिही, कशावरही लिही, पण तुझ्या भाषेत. ओळ वाचताच माणूस ओळखू आला पाहिजे. एवढी गोड अट मला आजवर कुणी घातली नव्हती.

१३ एप्रिल

गटात एक दोस्त मिळाला. शरणबसप्पा, मुरुमचे मास्तर. माझ्याआधी या खुर्चीत तेच होते. आता मुरुमच्या शाखेतल्या यंत्रावरून रोज लिहितात, असं वसंता सांगतो. मास्तरांच्या मराठीत कानडी ठसका आणि खवचटपणा असा की मला सावरून बसावं लागतं. मी टोमणा मारला की दुपारपर्यंत परत येतो, धार लावून.

२१ एप्रिल

गेल्या आठवड्यात माकणीकडे जाऊन आलो. धरण जवळ, पण वस्ती चढावर. पाणी खाली चमकतं आणि वर हंडे रिकामे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसवून केशरबाईनं मला चहा दिला, आणि वर सुनावलं की या चहात वस्तीची सकाळ गेली, तवा नीट लिवा. लिहिलं. दोनच दिवसांत टँकर सुरू झाला. आज तिचा निरोप आला: देव आमी कवाच सोडला, आता तुमच्या बोटांवर भिस्त हाय, जपून ऱ्हावा.

बोटांकडे बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

२८ एप्रिल

पुण्याहून कुणी माझ्या ‘पाणी’ गटातल्या कालच्या लेखाचं कौतुक केलंय. काल मी काही लिहिलंच नव्हतं. दिवसभर तुळजापुरात वसंताच्या घरी पुरणपोळी खात होतो.

लेख काढून वाचला. खाली माझं नाव. केशरबाईच्या वस्तीवर बोअरला भरपूर पाणी लागलंय, टँकर दुसरीकडे द्यावा, असं त्यात आहे. ओळी माझ्या. विनोद माझे. एक विनोद तर मी अजून फक्त मनात जुळवत होतो.

लेख मागे घ्यायचा हुकूम दिला. यंत्रानं कळवलं, लिहिणाऱ्यालाच लेख मागे घेता येतो. तुम्ही तो लिहिणारे नाही.

वसंता हसला. तारेत काहीतरी गफलत असेल म्हणाला.

३० एप्रिल

टँकर बंद झाला. केशरबाई कचेरीत आली, रिकामा हंडा माझ्या टेबलावर ठेवला आणि समोर बसली. तुमच्याच नावानं आलंय म्हणत्यात, म्हणाली. मी शपथेवर सांगितलं, मी लिहिलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तसं लिवा की मग. आमचं तोंड कोण ऐकतंय, तुमचं नाव लागतंय.

लिहिलं. टिंब दिलं. यंत्रानं उचललं. गटात काही लागलं नाही.

१ मे

पुन्हा तोच खुलासा पाठवला. नाही लागला. चाचणी म्हणून माझे जुने, खरे लेख मागे घ्यायचा हुकूम देऊन बघितला. प्रत्येकाला तेच उत्तर. तुम्ही तो लिहिणारे नाही.

दुपारी शिपायाला विहिरीवरची ती गोल फिरणारी वस्तू सांगायची होती, दोर जिच्यावरून जातो. शब्द आला नाही. उन्हामुळे असेल.

२ मे

मुरुमला गेलो. संघाच्या शाखेत यंत्र नाही. कधी नव्हतंच.

मास्तरांचं घर विचारत गेलो. दार रुद्रम्मानं, त्यांच्या बायकोनं उघडलं. मास्तर बाजेवर बसलेले. माझ्याकडे बघून ओठ हलले, आवाज नाही. दिवाळीपासून हे असंच, ती म्हणाली. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची, मग तिचं. लिहायला पाटी दिली की नुसते ठिपके काढतात. वसंतराव मात्र देवमाणूस. दर महिन्याला फळं घेऊन येतात, मास्तरांच्या पाया पडतात.

आज सकाळीच मी मास्तरांचा ताजा लेख वाचून हसलो होतो.

४ मे

वसंताला जाब विचारला. त्यानं नाकारलं नाही. निदान नाकारायला तरी हवं होतं.

म्हणाला, संघावर लोकांचा विश्वास नाही, माणसावर असतो. यंत्राला माणसाचं बोलणं लागतं, पुरेसं मिळालं की माणूस लागत नाही. टँकर एका संचालकाच्या द्राक्षबागेला हवा होता. मास्तरांच्या वेळी रुद्रम्मा फार प्रश्न विचारायची, म्हणून या खेपेला एकटा माणूस बघितला. मीच त्याला पत्रात लिहिलं होतं, माझी वाट बघणारं आता कुणी नाही.

जाताना त्यानं विचारलं, उत्तऱ्या, जेवलास का.

मायेनं विचारलं. तेच —

५ मे

यंत्राच्या खोलीत जायचं नाही. हातानं लिहायचं. केशरबाई पायरीवर बसलीय. म्हणते, तुमी लिवा, म्या नेते कलेक्टरकडं. सहीसकट एक ओळ पुरे.

सकाळपासून तीच एक ओळ. निम्मी होते आणि पुढचं —

माझं सदर कशावर होतं? त्या माणसाच्या — शरीराचा पुढचा भाग —

६ मे

ती अजून पायरीवर.

वस्तीला — नाही.

ते. हंड्यात असतं. पितात. खाली चमकतं. काल येत होतं मला —

दारात आली. विचारतेय काहीतरी. कोण ही, ओळखीची —

आत खडखड. यंत्र. कुणी बसलेलं नाही. पडद्यावर ओळी, भराभर, माझ्या, किती छान, किती —

बाई, मी लिहितो. लिहितोच. वस्तीला

वस्तीला मी

.