ओयनिसा आपाच्या मयतीचे थान परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, मोहल्ला समिती,
कोकतुत मोहल्ला, मार्गिलान.

विषय : मयतीत फाडावयाचे रेशमी थान नातसुनेकडून परत मिळवून देणेबाबत.
संदर्भ : गेल्या आठवड्यात आपण अंगणात उभ्याउभ्या दिलेले 'जरा सबूर करा' हे उत्तर.

महोदय,

अर्जदार ओयनिसा तुर्दियेवा, वय एक्क्याण्णव, पुढीलप्रमाणे कळविते.

१. पिकले पान गळाले की मयतीला आलेल्या बायका त्याच्या नावाचे कापड हाताने फाडून तुकडा घरी नेतात. तेवढे लांब आयुष्य आपल्या लेकरांना लाभावे म्हणून. त्यासाठी अर्जदाराने रेशमी कापडाचे एक अख्खे थान पेटीत जपले होते. नक्षीसाठी रेशमाच्या सुतावर गाठी तिने आवळल्या, ते रंगात बुडवून नवऱ्याने विणले. नवरा चाळिशीतच गेला. त्याचे आयुष्य कोणी मागितले नाही, म्हणून थान शाबूत राहिले.

२. अर्जदार दवाखान्यात असता नातसून शाहलो हिने पेटी उघडून थानाची जाकिटे शिवली. जाब विचारता म्हणाली, "आजी, तुम्ही परत याल असं कुणाला वाटलं होतं?" प्रत्येक जाकिटाच्या आत 'दिवंगत आजीच्या पेटीतून' अशी पट्टी आहे. ताश्कंदचे गिऱ्हाईक आले की अर्जदारास मागच्या खोलीत बसवतात. ती खोकली तर सौदा मोडतो.

३. बदली म्हणून शाहलोने त्याच नक्षीचे छापील पॉलिस्टर आणून दिले. शेजारीण करोमत व तिच्या दोन सुनांनी ओढून पाहिले, फाटेना. करोमत म्हणाली, "आपा, याला कात्री लागेल. त्यापेक्षा तुम्ही मरूच नका." कात्रीचा तुकडा कोणी घरी नेत नाही, हे आपण जाणता.

४. आपल्या सबुरीचे कारण आता कळले. आपल्या पत्नींनीही एक जाकीट घेतले आहे. शाहलो ओशाळून पट्टी उसवू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे गं. आज ना उद्या खरी होईलच." भिंत पातळ आहे, महोदय.

शिवलेले थान पुन्हा थान होत नाही, हे अर्जदारास कळते. तरी विनंती की, अर्जदाराच्या मयतीस आपल्या पत्नींनी तेच जाकीट अंगात घालून यावे आणि बायका फाडू लागल्या की हात किंचित वर धरावेत. बाह्यांचे कापड अरुंद आहे. पाठीपासून सुरुवात करा, असे करोमतला सांगून ठेवले आहे.

आपली नम्र व तूर्त हयात,
ओयनिसा तुर्दियेवा
(अंगठा)
मार्गिलान, दि. १४ मे