मैदानाचे तीन त्रिकोण

४ मार्च २०१३, सोमवार
सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव शाळेत आले. दुष्काळ वाढला, सोसायटी चारा छावणी काढणार. जागा आमचं मैदान. किती जनावरं मावतील? मैदानाला पाच बाजू, पाचही वाकड्या. इंजिनिअर बोलवू का म्हणाले. सातवीला बहुभुजाकृतीचं क्षेत्रफळ मीच शिकवतो, इंजिनिअर कशाला? (धडा अजून व्हायचाय. पण शिकवणार मीच.)

५ मार्च, दुपारी तीन
टेपनं मोजणी केली. दोन कर्ण मारून मैदानाचे तीन त्रिकोण पाडले. पाया गुणिले उंची, मग बेरीज. चारशे जनावरं आरामात. विठ्ठलराव म्हणाले, "गुरुजी, लई वाटतंय." म्हटलं, मोकळी जागा डोळ्याला लहान दिसते. त्यांनी चारशे लिहून घेतलं. गणिताचा दरारा असतो.

८ मार्च
नावनोंदणी माझ्याकडेच. साखराबाई आल्या. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी दोन म्हशी. "एक तरी घ्या," म्हणाल्या. मी दोन्ही लिहून घेतल्या. माझ्या शब्दावर त्यांनी उरलेला कडबा शेजारच्या भामाबाईला देऊन टाकला. दिवसभर प्रसन्न वाटलं.

१० मार्च, महाशिवरात्र
सातवीचा धडा काढला. त्रिकोणाच्या सूत्रात आधी एक द्वितीयांश छापलंय. नवीन अभ्यासक्रम असावा. बायकोला विचारलं. म्हणाली, "निम्मं असतंच की हो." तिचं गणित बारावीलाच सुटलं, मनावर घेतलं नाही. उपासानं डोकं हलकं, फेरमोजणी नको. विठ्ठलरावांना उद्या सांगू. तशीही जनावरं दाटीनंच राहतात.

११ मार्च
उद्घाटन. नारळ, भाषण, मलाही हार. त्या गडबडीत सांगायचं राहिलं. अकराच्या आत मैदान गच्च. निम्मी जनावरं आत, निम्मी चौसाळ्याच्या रस्त्यावर उन्हात. विठ्ठलराव म्हणाले, "गुरुजी, असं कावून झालं?" म्हटलं, जनावरं यंदा रुंद आलीत. समोरच्या बैलाच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. विठ्ठलराव रस्त्यावरच्या जनावरांना पाणी पाजायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च
साखराबाई दोन्ही म्हशी घेऊन वर्गाच्या दारात. "गुरुजी, तुमी लिवलं होतं नव्हं?" लिहिलं होतं. विठ्ठलरावांकडे गेलो. म्हणाले, आधी आलेल्यांना बाहेर काढू का? भामाबाईकडे कडबा मागायला गेलो. तिच्या गाईंनी संपवलेला. धडा शिकवला नाही. घसा बसलाय.

१४ मार्च
संकल्प: शाळेच्या मागच्या बाजूला दोन म्हशींपुरती जागा काढायची. काढली. पण छावणीबाहेरच्या जनावराला चारा मिळत नाही म्हणे. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

१७ मार्च, रविवार
साखराबाई धाकटी म्हैस विकायला बाजाराला निघाल्या. मीही गेलो. "तुमी कावून आलात, गुरुजी?" मी म्हशीचं दावं धरलं. बाजारात विकणारेच सगळे, घेणारा एखादा. दुपारनंतर एकानं नेली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड वळवलं.
येताना त्या पुढं, मी मागं. मोजण्यात माझीच चूक झाली, एवढं सांगायचं होतं. त्यांचं घर आलं.
"ऊन लागलं आसंल," म्हणाल्या, "पाणी पिऊन जावा."
रांजण तळाला गेलेला. त्यांनी वाकून तांब्या भरला.
प्यायलो.