खिळ्यांनी ठोकलेली पाटी

अण्णा, आज सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. नवीन पनवेलच्या या रुंद रस्त्यावर रविवारी संध्याकाळी मुलं मोटरसायकली एका चाकावर पळवतात आणि दोन्ही टोकांना गर्दी रस्ता अडवून उभी राहते. गेल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतल्या एका बाईंना धक्का लागला, मनगट मोडलं. आता रहिवाशांनी गाड्यांचे नंबर टिपून द्यायचे असं ठरलं आहे. "काकू, तुम्ही गॅलरीत असताच, अक्षरही चांगलं आहे," असं म्हणून ते छापील तक्ते ठेवून गेले. वेळ, ठिकाण, नंबर. तीनच रकाने. पालिकेतल्या तुमच्या तक्त्यालाही तीनच होते. उगाच हळवं होणं मला जमत नाही, तुम्हालाही जमत नसे. पण ते कागद आल्यापासून मी गॅलरीचं दार उघडलेलं नाही.

तेव्हा पनवेलला रेल्वे आली नव्हती. कॉलेजच्या सुट्टीत मी पुण्याहून एसटीने येई आणि स्टँडवरून घरी टांग्याने. दसऱ्याला टांगेवाले तळ्यावर घोडे धूत, त्यांना झेंडूच्या माळा घालत आणि दुपारी तळ्यापासून स्टँडपर्यंत शर्यत लावत. कुणी दांड्यांवर उभा राही, कुणी वळणावर टांगा कलता करून एका चाकावर नेई. दुकानदार फळ्या लावून ओट्यावर बघायला बसत आणि तासभर रस्ता त्यांचा होई. मी सांगते आहे त्या दसऱ्याच्या आदल्या वर्षी एका मासळीवालीच्या पायावरून चाक गेलं, ती पुन्हा बाजारात बसली नाही. पालिकेने दवंडी पिटली, फलक लावले. फलकांना लोकांनी घोडे बांधले. मग परवान्यांचे कारकून म्हणून काम तुमच्यावर आलं. प्रत्येक टांग्याची नंबराची पाटी तारेने लटकवायची नाही, मागे खिळ्यांनी ठोकायची, आणि शर्यतीत जो नंबर दिसेल त्याचा परवाना रद्द. तुम्ही स्वतः हातोडी घेऊन स्टँडवर गेलात. सगळे म्हणाले, उद्या ठोकू. एकानेच टांगा वळवून तुमच्यासमोर धरला. मला नेहमी घरी आणणारा तोच. "ठोका, भाऊसाहेब. आमाला काय लपवायचा हाय?" तुम्ही ते घरी येऊन कौतुकाने सांगितलंत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पालिकेच्या अध्यक्षांनी तुम्हाला सर्वांसमोर सुनावलं, की शर्यतीतल्या नंबरांची यादी कोरी आली तर कारकुनाची खुर्ची सोडून जकात नाक्यावर उभं राहावं लागेल. आईला हे सांगताना तुमचा आवाज इतका खाली गेला होता, की दाराआड मला तो तुमचा वाटला नाही. तुम्ही स्टँडवर थांबणार होतात. आपल्या माडीच्या खिडकीतून वळण दिसतं, म्हणून तिथे मला बसवलंत. "दिसेल तेवढंच लिही. पदरचं घालू नकोस." कॉलेजात गेले तेव्हा तुम्ही दिलेलं पेन मी शाईने काठोकाठ भरून ठेवलं.

दुपारची वेळ. खालून आरोळी येते आणि टांगे सुटतात. एक, तीन, सहा. पाट्या नाहीतच. ज्याची आहे त्याने तिच्यावर झेंडूची माळ सोडलेली. माझा कागद कोरा आणि टांगे वळणापलीकडे गेलेले. मग मागून आणखी एक येतो. त्याची पाटी स्वच्छ दिसते, चारही कोपऱ्यांना चार खिळे. मी सत्तावीस लिहिते. एवढंच लिहिते.

संध्याकाळी तो टांगेवाला मागच्या दाराशी आला. आई चूल सारवत होती, तुम्ही पाटावर बसला होतात. तो तळ्यावरून घरी निघाला होता. मागून शर्यत आली आणि घोडा बिथरून तिच्यामागे धावला, असं त्याने सांगितलं. तुम्ही मान खाली घातलीत. तो म्हणाला, "तुमी सांगितलं म्हनून पाटी ठोकली. ठोकली नसती तर परवाना ऱ्हायला असता." आवाज चढवला नाही. तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडे पाठ करून तांब्याने पाणी प्यायलात आणि विचारलंत, "तो घोडा आवरत होता का गं?" मी म्हणाले, "मला नाही दिसलं." तुम्ही यादीवर सही केलीत. तुमची खुर्ची राहिली.

पुढच्या सुट्टीला मी एसटीतून उतरले तेव्हा तो स्टँडवर हमाली करत होता. घोडा विकला होता. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, तर त्यानेच येऊन माझी ट्रंक डोक्यावर घेतली. टांगा करते म्हणायची माझी हिंमत झाली नाही. स्टँडपासून घरापर्यंत मी त्याच्या मागून चालले. रस्त्यावर नुकतीच खडी टाकली होती. मागे न वळता तो एकदाच बोलला, "बाय, हलू चाल, पाय मुरगलंल." त्या रस्त्याला मध्ये एकही गल्ली नव्हती जिच्यात मला वळता आलं असतं. पुढची दोन वर्षं प्रत्येक सुट्टीला ट्रंक त्यानेच आणली.

अण्णा, मला दिसलं होतं. तो मागे रेलून दोन्ही हातांनी लगाम ओढत होता. घोड्याची मान वर झाली होती, चाकं खरडत होती. मी वाचलेल्या पाटीपेक्षा त्याचे हात मला जास्त स्पष्ट दिसले. तुम्हाला उत्तर हवं होतं की नंबर, हे मात्र मी कधी विचारलं नाही, आणि तुम्हीही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी शिकून परतल्यावर चौदा वर्षं आपण एकाच घरात जेवलो.

आताच्या मुलांनीही नंबराच्या पाट्या वाकवल्या आहेत, असं सेक्रेटरी सांगत होते. म्हणजे वाचता येईल ती सरळ माणसाचीच. आणि लिहिलं नाही तर उद्या आणखी कुणाचं मनगट मोडेल. हे सगळं मी त्यांच्याच तक्त्यांच्या पाठीवर लिहिलं आहे, त्यामुळे ते आता कुणाला देता येणार नाहीत. सोमवारी सेक्रेटरी येतील. मी काय सांगणार ते मला माहीत आहे. मला नाही दिसलं.