जे स्तोत्र वाचून तुम्ही गप्प राहिलात

बाबा,

ज्याच्या कृपेने तुमचे डोळे शांतपणे मिटले आणि ज्याच्या कृपेने माझे अजून उघडे आहेत, त्या प्रभूची शांती या ओळींवर असो. मृतांना काही विचारू नये अशी शास्त्राची आज्ञा आहे, आणि ती मला तुम्हीच शिकवली. म्हणून आरंभीच सांगून ठेवते की मी तुम्हाला काही विचारत नाही, केवळ सांगते आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याने पवित्र शास्त्रातले सगळे, अक्षरन् अक्षर, खरे मानलेच पाहिजे का, हा प्रश्न यंदा आपल्या मंडळीत निघाला, आणि निघाला तो नेमका माझ्या नातीच्या वाटेत आडवा उभा राहिला. ती तुमची पणती. तिला तुम्ही पाहिलेले नाही.

ती शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळे ती सांभाळते. बाप्तिस्मा लहानपणीच झाला. दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, मात्र शिक्षण, वसतिगृह आणि नोकरी यांत राहून गेला. यंदा तिने आपण होऊन सांगितले की मला प्रभूच्या मेजाशी, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, यायचे आहे. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आपले हल्लीचे पाळक तरुण आहेत, जालन्याकडचे. मन लावून उपास करणारा, आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसणारा माणूस. दृढीकरणाच्या वेळी विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी आपल्या मनाने एका प्रश्नाची भर घातली आहे: पवित्र शास्त्रातला प्रत्येक शब्द खरा आहे असे तू मानतेस काय? दृढीकरणाच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांनी हो म्हटले. आपली म्हणाली, मला हे म्हणता येणार नाही. आणि हो म्हटल्यावाचून मेजाशी येता येणार नाही, असे पाळकांनी तिला कळवले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मला वाटले, हिला सृष्टीचे सहा दिवस अडत असतील, नाहीतर योनाला गिळणारा मासा. शिकलेल्या मुलांचे तेथेच अडते. तसे मी विचारले, तर ती हसली. "सहा दिवसांचं मला काही नाही गं आजी. देवानं मनात आणलं असतं तर एक दुपार पुरली असती." मग हातातली जुडी तिने खाली ठेवली. "पण शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटणारा धन्य, असं एका स्तोत्रात आहे. ते मी खरं कसं म्हणू? मी दिवसभर तीच तर हातात धरते."

बाबा, माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचे ते स्तोत्र, आणि त्याच्या शेवटच्या ओळी. त्या ओळींना आपल्या घरात एक जागा आहे, आणि ती जागा मी आजवर कुणाला दाखवली नव्हती.

छावणी भागातल्या आपल्या घरातले ते स्वयंपाकघर मला अजून दिसते. पिठाच्या डब्यावर फडक्यात बांधून ठेवलेले शास्त्र तुम्ही हात धुऊन खाली काढता, पाटावर बसता, कंदील जवळ ओढता. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत रोज संध्याकाळी एक अध्याय, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. अध्याय निवडायचा नाही, ही तुमच्या घरची रीत. लग्न असो, ताप असो, पाहुणा असो, जो क्रमाने आला तोच वाचायचा. वाचून झाले की तुम्ही म्हणायचे, हे प्रभूचे वचन. आणि आई व मी म्हणायचे, देवाची स्तुती असो. त्यानंतर जेवण. वंशावळी लागल्या की आई पदराआड पुटपुटे, "ह्यांचे आजे-पणजे संपंस्तवर माझं पिठलं दगड व्हतंय." एकदा वाचनाची पाळी माझी होती, आणि भुकेपायी मी मधली बरीच नावे गाळली. तुम्ही रागावला नाहीत. बोट त्या नावांवर ठेवून एवढेच म्हणालात, "पोटासाठी शास्त्र कापू नको, बाय. भाकर वाट बघती." मला ती सगळी नावे पुन्हा वाचावी लागली. दवाखान्यात औषधे बनवणारे तुमचे हात होते ते. पुडीत काही कमी पडलेले तुम्हाला खपत नसे, आणि शास्त्रातही खपले नाही.

मग माझ्या तान्ह्या धाकट्या भावाचे दुखणे आले. त्याचे अजून नावही ठेवले नव्हते. ज्या दवाखान्यात तुम्ही अवघ्या गावाला औषध देत होता, तेथले एकही औषध त्याला लागू पडले नाही. दुपारी त्याला कबरस्थानात ठेवून आपण घरी आलो. शेजारच्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, रोट्या ठेवून, आईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. संध्याकाळ झाली तेव्हा तुम्ही हात धुतले, शास्त्र खाली काढले आणि खुणेची फीत होती तेथे उघडले. क्रमाने आलेले स्तोत्र ते होते.

तुम्ही दुसरे काढाल असे मला वाटले. तुम्ही ते वाचले. शेवटच्या ओळींपर्यंत आलात, आवाज फाटला, तरी वाचले; एक शब्द गाळला नाही. मग आम्ही दोघी थांबलो, कारण तुमचे ते वाक्य आल्याशिवाय आम्हाला आमचे म्हणता येत नव्हते. ते आलेच नाही. बऱ्याच वेळाने आई हळूच म्हणाली, "म्हणा की. वाचलं तर म्हणा."

"आज नाय म्हणवत," तुम्ही म्हणालात. "रडतेत ते खरं हाय. त्यांचा जळफळाट बी खरा हाय. पण हे देवाच्या तोंडचं हाय म्हणून मी नाय सांगणार. आज तर नायच."

तुम्ही पुस्तक मिटायला लागलात, तेव्हा आईने पानावर हात ठेवला. "नका म्हणू. पण मिटू बी नका. उघडंच राहू द्या." ते रात्रभर पाटावर उघडे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही त्याच पानावरून पुढचे स्तोत्र वाचले आणि स्वच्छ आवाजात म्हणालात, हे प्रभूचे वचन. त्या गोष्टीविषयी तुम्ही पुढे कधीच बोलला नाहीत.

हे मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या बैठकीत सांगितले. तेथवर गोष्ट कशी आली तेही ऐका. पाळकांनी मला सन्मानाने खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मभर शास्त्र वाचलंय. तुम्हीच हिला समजावून सांगा." मी काही बोलण्याआधी तुमची पणती म्हणाली, "पाळकसाहेब, एक विचारू? उपासनेत तुम्ही ते स्तोत्र वाचता, तेव्हा शेवटच्या ओळी का सोडता?" पाळक गोंधळले. खरे होते ते; छापलेल्या उपासनाक्रमातच त्या ओळी नसतात, आणि त्या कोणी मागितलेल्याही नाहीत. आमचे एक पंच जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. ते म्हणाले, "म्हणजे पोरीकडं तिकीट शेवटच्या थांब्याचं मागायचं, अन् आपण एक थांबा आधीच उतरायचं." सगळे हसले. पाळकही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. ते म्हणाले, "हसा. पण आज एक ओळ सोडली, तर उद्या लोक प्रभूची रिकामी कबरही सोडतील. मग मरणाच्या दारी बसलेल्या माणसाला मी काय देऊ?"

मी हसले नाही, बाबा. ते भय मला ठाऊक आहे. रिकाम्या कबरीवाचून मी त्या कबरस्थानातून माघारी येऊच शकले नसते. तुम्हाला ठेवून नाही, आईला ठेवून नाही. म्हणून मी त्यांना आदरानेच म्हटले की शास्त्रावर एवढा भार घालू नये, जेवढा ते स्वतः उचलत नाही. दुःखात पडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र पानेच्या पाने धर्म सांगतात, एकेक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे असे. आणि अखेर देव म्हणतो की माझ्याविषयी हे नीट बोलले नाहीत. ती पानेही शास्त्रातच आहेत. प्रत्येक शब्द देवाचे मत म्हणून घेतला, तर देवाने ज्यांना दोष दिला त्यांच्या पंगतीला आपण बसतो. आणि आपला विश्वासांगीकार पाहा. मी पित्यावर विश्वास ठेवते, पुत्रावर ठेवते, पवित्र आत्म्यावर ठेवते, असे आपण दर रविवारी उभे राहून म्हणतो. पुस्तकावर विश्वास ठेवते असे त्यात कोठे नाही. पुस्तकाने मला त्याच्यापाशी नेले, म्हणून पुस्तक मला प्राणापलीकडे प्रिय आहे. पण मेलेल्यांतून उठला तो ग्रंथ नव्हे. एवढे बोलले, आणि मग तुमची ती संध्याकाळ सांगितली.

पाळकांनी मान खाली घालून ऐकले. अखेर इतकेच म्हणाले, "रविवारचं वाचन तिनं करावं. तेच स्तोत्र, आणि पुरतं. बाकी मी प्रार्थनेत ठेवतो." हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. रविवारपर्यंत ती जेवली थोडे, बोलली त्याहून थोडे. मेजाशी येऊ दिले नाही तर दुसऱ्या मंडळीत जाशील का, असे मी एकदा विचारले. म्हणाली, "इथंच मागे बसेन आजी. जाऊ कुठं?"

रविवारी ती उभी राहिली. आवाज लहान, पण स्वच्छ. वीणा झाडांना टांगणारे बंदिवान झाले, परक्या देशातले गाणे झाले, आणि मग त्या ओळी आल्या. तिने त्या वाचल्या. आमच्या मंडळीने त्या देवळात प्रथमच ऐकल्या असतील. पुढच्या बाकावरच्या एका आईने मांडीवरचे मूल जवळ घेतले. वाचन संपले. आता, देवळातही वाचनानंतर म्हणतात ते, हे प्रभूचे वचन, यायचे, आणि ती गप्प. तुमच्यासारखीच गप्प, बाबा, हात पानावर. लोक थांबलेले. मी पाळकांकडे पाहिले नाही. माझे धाडस झाले नाही.

तेव्हा ते आपल्या जागी उठले. वचन म्हणून त्यांनी ते जाहीर केले नाही आणि तिला दटावलेही नाही. प्रार्थनेच्या वेळी म्हणतात तेच हळू आवाजात म्हणाले, "प्रभू, आमचे ऐक." आणि सवयीने सगळी मंडळी उत्तरली, "आमची आरोळी तुझ्यापर्यंत येवो." जे तोंडी घ्यायला आम्ही भीत होतो, ते देवाने आम्हाला ऐकवलेले नसून आम्ही देवाला ऐकवलेले आहे, हे मला तेव्हा उमगले, आणि असले काही आपल्याच ग्रंथात ठेवू देणारा देव किती सोसतो, हेही. ती शास्त्र न मिटता खाली आली. पुढे दृढीकरणाचे जुने प्रश्न झाले. नवा प्रश्न पाळकांनी विचारला नाही. तिने भाकर घेतली तेव्हा तिच्या हातांना दवाखान्याच्या साबणाचा वास होता. तुमच्याही हातांना तसाच येत असे.

घरी येताना तिने विचारले, "आजी, त्या रात्री पणजोबांचा विश्वास गेला होता का गं?" मी तत्काळ म्हटले, नाही, विश्वास होता म्हणूनच ते खोटे बोलले नाहीत. तिचे समाधान झाले. माझे झाले नाही. तुम्ही गप्प राहिलात तो विश्वास होता, की त्या एका रात्रीपुरता देवाशी धरलेला अबोला, हे मला खरोखर ठाऊक नाही. वर लिहिले की मी तुम्हाला काही विचारत नाही. बाबा, मी विचारते आहे. ती आज्ञा मी मोडली, आणि प्रभू ते सोसून घेईल असा मला भरवसा आहे.

हा कागद कोठे धाडायचा नाही; तुमच्या शास्त्रात, त्याच पानाशी ठेवते. पुढे कोणी ते पान उघडले आणि हे वाचले, तर तो जो कोणी असेल त्याला, ज्याला सगळे मानवते त्याला आणि ज्याच्या तोंडी एखादी ओळ येत नाही त्यालाही, प्रभू आपल्या मेजाशी जागा देवो, त्याच्या घरातली लेकरे सुखरूप राखो, आणि त्याचे पुस्तक उघडे ठेवो.